थेंबभर रक्त आणि हिरवा उजेड

मैत्रिणींनो, गेल्या श्रावणात आमच्या घरात दोन चिठ्ठ्यांवरून चांगलंच रणकंदन माजलं. चिठ्ठ्या कसल्या, तर रक्त तपासणीच्या. माझ्या धाकट्या जावेला सातवा महिना लागला होता. एका चिठ्ठीत तिचं हिमोग्लोबिन १०.२ ग्रॅम, आणि अवघ्या आठ दिवसांनी केलेल्या दुसऱ्या तपासणीत ८.४! बाई तीच, हात तोच, खाणंपिणं तेच. मग आठ दिवसांत जवळजवळ दोन ग्रॅमचा फरक पडला कुठून?

सासूबाईंनी पहिली चिठ्ठी उचलून धरली. "दहाच्या वर आहे ना? मग झालं तर. आमच्या वेळी कोण मोजत होतं? पाच बाळंतपणं झाली माझी, कापूस वेचायच्या दिवसांतसुद्धा घरी बसले नाही." दीर म्हणाले, दुसऱ्या ठिकाणचं यंत्रच बिघडलेलं असणार. आणि जिच्या रक्तावरून हा वाद चालला होता ती ओट्याला टेकून, भाकरी थापता थापता दम खात उभी होती. गच्चीवर वाळवण घालायला जाताना ती जिन्यात मध्येच थांबते, हे मी कधीपासून बघत होते आणि, खोटं कशाला सांगू, मनातल्या मनात तिला आळशी म्हणत होते.

मी इथे पाचोडला एका शाळेत अर्धवेळ मराठी आणि इतिहास शिकवते. शिक्षण बी. ए. तेव्हा विज्ञानाची आणि माझी ताटातूट दहावीनंतर झाली ती कायमचीच. पण इथे गप्प बसून चालणार नव्हतं. गरोदर बाईचं हिमोग्लोबिन अकरा किंवा त्याहून जास्त हवं. दहा ते अकराच्या मधे असेल तर कमतरता सौम्य, सात ते दहाच्या मधे मध्यम आणि सातच्या खाली गेलं तर गंभीर. म्हणजे एक चिठ्ठी म्हणत होती, "गोळ्या नीट घ्या," आणि दुसरी म्हणत होती, "उशीर करू नका, दिवस थोडे राहिलेत." दोन्ही खऱ्या असणं शक्य नव्हतं. मग मी पदर खोचला. शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना मधल्या सुट्टीत छळलं, एका लॅबमधल्या भाऊंच्या टेबलापाशी तास-दीड तास उभी राहिले, आणि मिळेल ते वाचून काढलं. रक्त मोजतात ते उजेडानं, हे मला त्या दिवसांत प्रथमच कळलं. तुमच्याही कपाटात अशा चिठ्ठ्या असतीलच, म्हणून म्हटलं तुम्हालाही सांगावं.

समजा, तुम्ही गुलाबाचं सरबत करताय. दाट झालं की पातळ, हे न चाखता कसं बघाल? काचेचा पेला खिडकीशी धरून! पलीकडचं स्पष्ट दिसलं तर पातळ, लालबुंद होऊन उजेड अडला तर दाट. झालं, रक्त तपासणीचं अर्धं शास्त्र तुम्हाला आलं. फरक एवढाच की लॅबमध्ये डोळ्याऐवजी उजेड मोजणारा एक काचेचा डोळा असतो आणि तो अंदाज न सांगता आकडा सांगतो.

मात्र यात एक गंमत आहे. पहिला चमचा सरबत घातल्यावर समजा निम्मा उजेड अडला, तर दुसऱ्या चमच्याने उरलेला सगळा अडत नाही. उरलेल्यातला निम्मा अडतो. तिसऱ्याने त्या उरलेल्यातला निम्मा. नवऱ्याच्या पगारासारखंच म्हणा ना, प्रत्येक जण उरलेल्यातून आपला वाटा काढून घेतो! हा हिशेब १७२९ मध्ये बुगे नावाच्या फ्रेंच गृहस्थांनी मांडला, १७६० मध्ये लॅम्बर्ट यांनी तो नीट गणितात बसवला आणि १८५२ मध्ये बेअर या जर्मन शास्त्रज्ञाने तो पाण्यात विरघळलेल्या रंगांना लावून दाखवला. आजही लॅबमधलं छोटं यंत्र किती उजेड गेला आणि किती आला हे बघून, याच हिशेबाने तुमच्या चिठ्ठीवरचा आकडा काढतं.

आता रक्त लाल, म्हणून लाल उजेडच वापरत असतील असं मला वाटलं होतं. भाऊ हसले. म्हणाले, "ताई, उलट आहे. लाल उजेड रक्तातून सहज निघून जातो, म्हणून तर ते लाल दिसतं. हिमोग्लोबिन खातं ते हिरव्या उजेडाला. जे खाल्लं जातं तेच मोजता येतं." घरी करून बघा. पांढऱ्या कागदावर कुंकवाचं बोट टेका. भेटवस्तूंवर गुंडाळतात तो लाल पारदर्शक कागद डोळ्यांपुढे धरून बघा, कुंकू जवळजवळ दिसेनासं होतं. हिरवा धरा, तेच कुंकू काळंभोर दिसतं. माझ्या सातवीतल्या मुलाने हा प्रयोग इतक्या वेळा केला की करंडा अर्धा झाला.

जर्मनीतल्या होप-सायलर या शास्त्रज्ञाने १८६२ मध्ये रक्तातून उजेड पाठवून त्याचे इंद्रधनुष्यासारखे रंग पाडून पाहिले, तर हिरव्या-पिवळ्या भागात दोन काळे पट्टे दिसले. रक्तातला रंगद्रव्याचा पदार्थ त्या जागचा उजेड गिळत होता. दोन वर्षांनी त्यांनीच त्याला हिमोग्लोबिन हे नाव दिलं. आपण रोज उच्चारतो त्या शब्दाचं बारसं असं झालं!

बरं, आता आमच्या चिठ्ठ्यांकडे येऊ.

पहिली तपासणी जिथे झाली (ठिकाण सांगत नाही, आणि सांगण्यात अर्थही नाही) तिथे जुनी साहली पद्धत होती. तुमच्यापैकी पुष्कळजणींनी ती पाहिली असेल. एका बारीक काचनळीत सौम्य आम्ल घालतात, त्यात बोटातलं मोजून वीस मायक्रोलिटर रक्त सोडतात. मायक्रोलिटर म्हणजे मिलिलिटरचा हजारावा भाग. म्हणजे एका थेंबाहूनही कमी. दहा मिनिटं थांबलं की रक्त तपकिरी होतं. मग थेंब थेंब पाणी घालत, शेजारच्या तपकिरी काचपट्टीच्या रंगाशी ते जुळेपर्यंत पातळ करत जायचं आणि नळीवरचा आकडा वाचायचा. पद्धत स्वस्त, वीज लागत नाही, आणि गावोगाव तिने वर्षानुवर्षं काम केलं आहे, तेव्हा तिला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण सगळी भिस्त माणसाच्या डोळ्यांवर! खोलीत पिवळा दिवा आहे की खिडकीचा उजेड, तपासणाऱ्याला घाई आहे का, शेवटचा थेंब जास्त पडला का, यावर आकडा हलतो. आणि ती शेजारची काचपट्टी जुनी होऊन फिकी पडली असेल तर? तर तिच्या रंगाशी जुळवायला रक्तात पाणी जास्त घालावं लागतं, आणि आकडा वाढून येतो! ज्या बाईचं कमी आहे तिचं पुरेसं दिसतं. मला एकदम आठवलं, त्या दिवशी संध्याकाळ झाली होती, लाइट गेलेली होती, आणि पट्टी दाराशी नेऊन पाहिली होती.

दुसरी तपासणी अंगणवाडीत झाली, हातात मावणाऱ्या डिजिटल यंत्रावर. यात एक चपटी, पोकळ पट्टी असते. थेंबाला टेकवली की रक्त आपोआप आत ओढलं जातं. या यंत्रांतलं नावाजलेलं एक स्वीडनमध्ये तयार झालं. त्याच्या पट्टीच्या आत वाळलेली औषधं असतात, ती पेशी फोडून हिमोग्लोबिन मोकळं करतात. मग त्यातून दोन प्रकारचा उजेड जातो, एक ५७० नॅनोमीटरचा, जो हिमोग्लोबिन खातं, आणि एक ८८० नॅनोमीटरचा, आपल्या डोळ्यांना न दिसणारा, जो फक्त गढूळपणा किती आहे ते सांगतो. दुसरा पहिल्यातून वजा करायचा. मिनिटभरात आकडा हजर. आपल्या देशाच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत घरोघर जाऊन याच पद्धतीने रक्त मोजलं गेलं. २०१९ ते २१ च्या पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतातल्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला, आपल्या महाराष्ट्रात ५४.२ टक्के. आणि आधीच्या पाहणीत महाराष्ट्राचा आकडा ४८ होता. निम्म्याहून जास्त! तुमच्या भिशीत दहाजणी असतील तर त्यातल्या पाच-सहा.

म्हणजे यंत्र बरोबर, साहली चूक, असं मी घरी येऊन जाहीर करणार होते. भाऊंनी थांबवलं. म्हणाले, "बोट दाबलं होतं का?" मी म्हटलं, "दाबलं होतं, चांगलं पिळलं होतं. थेंब येतच नव्हता." तर म्हणे, बोट पिळलं की रक्ताबरोबर आजूबाजूचं पाणीही उतरतं, थेंब पातळ होतो, आणि मग कितीही उत्तम यंत्र असलं तरी आकडा कमी येऊ शकतो. यंत्र बिचारं पुढ्यात आलेलंच मोजतं. दुधात पाणी गवळ्याने घातलं की म्हशीने, ते मापट्याला काय कळणार?

हा प्रश्न देशपातळीवरही आला आहे बरं का. २०१६ ते १८ मध्ये झालेल्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात बोटाऐवजी शिरेतून रक्त घेतलं, तेव्हा एक ते चार वर्षांच्या मुलांत रक्तक्षय ४१ टक्के निघाला. त्याच्या जरा आधी, बोटातल्या रक्तावरच्या पाहणीत लहान मुलांचा आकडा ५८ टक्क्यांहून जास्त होता. फरकाला इतरही कारणं असतील, पण रक्त कुठून घेतलं हे त्यातलं एक मोठं कारण मानतात. आमच्या घरातलं भांडण आणि दिल्लीतलं भांडण एकच, हे वाचून मला बरंच बरं वाटलं!

मग तिसरी तपासणी केली. या वेळी शिरेतून रक्त. प्रयोगशाळेत प्रमाण मानलेली जी रीत आहे, ती ड्रॅबकिन यांच्या नावाच्या द्रावणाची. पाच मिलिलिटर द्रावणात वीस मायक्रोलिटर रक्त घातलं की हिमोग्लोबिनचं एका टिकाऊ रंगद्रव्यात रूपांतर होतं, आणि मग ५४० नॅनोमीटरच्या हिरव्या उजेडात, माहीत असलेल्या नमुन्याशी ताडून ते मोजतात. या द्रावणात सायनाइडचा अंश असतो, म्हणून भाऊ ती बाटली कुलपात ठेवतात. मोठ्या दवाखान्यांतली पेशी मोजणारी यंत्रंसुद्धा हिमोग्लोबिनचा आकडा उजेडानेच काढतात. आमचा आकडा आला ८.६. म्हणजे साहलीने आम्हाला फसवलं होतं, आणि अंगणवाडीच्या यंत्राने, पिळलेल्या बोटानेसुद्धा, जवळजवळ खरं सांगितलं होतं.

तरी दीर ऐकेनात. त्यांनी करोनाच्या वेळी घेतलेला ऑक्सिमीटर काढला, बायकोच्या बोटाला लावला आणि म्हणाले, "हे बघा, ९८! रक्त एकदम चांगलं आहे." मैत्रिणींनो, ही चूक पुष्कळ घरांत होते, म्हणून इथे जरा थांबते. तो चिमटासुद्धा उजेडाचंच यंत्र आहे. जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये ही युक्ती शोधली. बोटातून लाल आणि अदृश्य अवरक्त असे दोन उजेड पाठवायचे. प्राणवायू घेतलेलं हिमोग्लोबिन आणि न घेतलेलं हिमोग्लोबिन हे दोन उजेड निरनिराळ्या प्रमाणात अडवतात, त्यावरून किती टक्के हिमोग्लोबिन प्राणवायूने भरलेलं आहे ते कळतं. पण मुळात हिमोग्लोबिन आहे किती, ते नाही कळत! बाजारहाटाला पाच पिशव्या न्या की दोन न्या, सगळ्या भरून आल्या तर "शंभर टक्के भरल्या" असंच म्हणाल ना? घरात माल मात्र दोनच पिशव्यांचा आला. रक्तक्षयाच्या बाईचा ऑक्सिमीटर ९८ दाखवू शकतो आणि तरी तिला जिना चढवत नाही. (जाता जाता, नखाला गडद रंग लावलेला असेल तर हा चिमटाही चुकू शकतो.)

मग चिमट्यानेच, न टोचता, हिमोग्लोबिन का मोजत नाहीत? हा प्रश्न मलाही पडला. आपल्या मुंबईच्या काही तरुण डॉक्टर-इंजिनियरांनी हाच ध्यास घेतला होता. त्यांच्यापैकी मिश्किन इंगवले यांनी २०१२ मध्ये परदेशातल्या एका व्यासपीठावर, बत्तीस वेळा प्रयत्न करून बनवलेलं असं सुईविरहित यंत्र दाखवलं होतं. पण हे काम भलतं अवघड. काचेच्या पट्टीत रक्ताचा थर किती जाड ते ठाऊक असतं; बोटात मात्र कातडी, चरबी, हाड, प्रत्येकीचा वर्ण वेगळा, हात गार की गरम. उजेड कुणी किती खाल्ला याचा हिशेब लावता लावता नाकी नऊ येतात. म्हणून नेमका आकडा हवा असेल तर अजून तरी सुईला पर्याय नाही.

जावेला डॉक्टरांनी दिवस कमी उरलेत म्हणून सलाइनमधून लोहाची इंजेक्शनं दिली. त्याआधी चार महिने तिच्या उशाखाली सरकारी लाल गोळ्यांची पाकिटं साठत होती, हे तेव्हा उघडकीला आलं. गोळ्यांनी मळमळायचं, शौचाला काळं व्हायचं, ती घाबरायची आणि कुणाला सांगायची नाही. काळं होणं हे त्या गोळीचं नेहमीचं लक्षण आहे, एवढं जरी तिला कुणी वेळेवर सांगितलं असतं! सांगणारी मी असायला हवी होते. आमच्या शाळेत दर आठवड्याला मुलींना निळ्या गोळ्या वाटते ती मीच. घरात मात्र विचारलं नाही.

गोळी घेण्याची रीतही नीट सांगते. जेवणानंतर लगेच चहा नको, चहा लोह शोषू देत नाही. तासभर तरी मधे जाऊ द्या. कॅल्शियमची गोळी आणि ही गोळी एकत्र नको. लिंबू, आवळा, मोसंबी यांच्याबरोबर लोह चांगलं लागू पडतं. आणि आम्ही तर पाचोडच्या! इथल्या बाजारातून मोसंबीचे ट्रकच्या ट्रक भरून परगावी जातात आणि आमच्याच घरातली सून "मोसंबी पाहुण्यांना ठेवलीय" म्हणून खात नाही. आणखी एक, बीट लाल असतं म्हणून रक्त वाढतं ही समजूत सोडून द्या. बीटचा लाल रंग वेगळा, त्यात लोह थोडंच. त्यापेक्षा हळीव, बाजरी, पालेभाजी, आणि खात असाल तर मटण-कलेजी. पण एकदा आकडा खाली गेल्यावर नुसत्या खाण्याने तो भरून येत नाही, औषध घ्यावंच लागतं.

आमच्या गावाला या कामाचं वळण जुनं आहे. आशिष ग्राम रचना ट्रस्ट १९७९ साली स्थापन झाला आणि डॉ. अशोक दयालचंद यांच्या इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंट, पाचोड या संस्थेचं नाव किशोरवयीन मुलींच्या आरोग्यासाठी दूरवर गेलं. मुलींचे जीवनकौशल्याचे वर्ग घ्यायचे, लग्नाचं वय पुढे ढकलायचं आणि त्यांच्या अंगातलं रक्त वाढवायचं, हे तिथे एकाच गाठोड्यातलं काम मानलं गेलं. सोळाव्या वर्षी लग्न आणि सतराव्या वर्षी बाळंतपण, तर त्या पोरीच्या अंगात रक्त साठणार कधी?

भाद्रपद संपता संपता जावेचं हिमोग्लोबिन १०.७ झालं. जिन्यात थांबणं कमी झालं. मुलगी झाली, दोघी सुखरूप. तिसऱ्या दिवशी मात्र बाळ पिवळं दिसायला लागलं, आणि पुन्हा उजेडाशी गाठ! कावीळ आणणारं बिलिरुबिन पिवळं असतं, म्हणजे ते निळा उजेड खातं. म्हणून काही दवाखान्यांत कपाळाला टेकवायचं एक छोटं यंत्र असतं, ते निळ्या उजेडाचा हिशेब करून कावीळ किती ते टोचल्याविना सांगतं. तान्ह्या बाळाची कातडी पातळ, म्हणून इथे ते बऱ्यापैकी जमतं. खात्रीला पुन्हा रक्तच तपासतात. आणि उपायही निळाच उजेड. तो बिलिरुबिनचं रूप बदलतो, मग ते अंगाबाहेर पडतं. हे लक्षात कसं आलं माहीत आहे? १९५६ च्या सुमारास इंग्लंडमधल्या रॉचफर्ड इथल्या दवाखान्यात सिस्टर वॉर्ड नावाची परिचारिका पिवळ्या बाळांना अंगणात उन्हाला नेत असे. एकदा तिने डॉक्टरांना दाखवलं, बाळाच्या अंगावर चादर होती तेवढाच भाग पिवळा राहिलाय, बाकीचं अंग फिकं पडलंय. पुढे तिथेच एक रक्ताची नळी चुकून खिडकीच्या उन्हात राहिली, तर तिच्यातली कावीळ मोजल्यावर कमी भरली! यावरून बाळाला घरच्या उन्हात ठेवून भागवू नका हं. आमच्या छकुलीला दोन दिवस निळ्या दिव्याखाली ठेवलं, डोळ्यांवर पट्टी बांधून. सासूबाई बाहेर बसून जप करत होत्या.

मागच्या महिन्यात अंगणवाडीत पुन्हा तपासणी होती. जावेला घेऊन गेले, म्हटलं आपणही बघावं. माझा आकडा आला १०.४. गरोदर नसलेल्या बाईला बारा हवं! दर महिन्याला पाळीचे चार दिवस मी कसे काढते ते मलाच माहीत, पण त्याला कमतरता म्हणायचं हे कधी सुचलं नव्हतं. आणि म्हणे जाऊ आळशी. आशाताईंनी या वेळी हात गरम पाण्यात धरायला लावला, अनामिकेच्या कडेला टोचलं, पहिला थेंब पुसून टाकला आणि बोट अजिबात पिळू दिलं नाही.

सासूबाई नातीला मांडीवर घेऊन कडेला बसल्या होत्या. आमचं सगळं आटोपल्यावर त्यांनी बाळ माझ्याकडे दिलं, बांगड्या मागे सारल्या आणि हात पुढे केला. "माझं बघा ओ," त्या आशाताईंना म्हणाल्या, "बघू तरी, पाच बाळंतपणांचं काय उरलंय ते."